बोअरच्या खाऱ्या पाण्यावर पिलुडीचं कुंपण

वडोदऱ्यात पादरा रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी पाऊण तास येतं. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोअरवर. त्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, आणि बादली वाळली की बुडाशी पांढरं कडं राहतं. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन बुडवलं तर उन्हाळ्यात आकडा २४०० च्या आसपास. दांडिया बाजारातलं वाड्यातलं बिऱ्हाड सोडून आम्ही इथे आलो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला मी हौसेनं जास्वंद, मोगरा आणि कढीपत्ता लावला होता. जास्वंदीच्या पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग पानं पापडासारखी कुरकुरीत. कढीपत्त्यानं एक उन्हाळा काढला. मोगऱ्यानं तेवढाही नाही.

त्याच भिंतीला आज ६० फूट हिरवं कुंपण आहे, छातीएवढं उंच. त्याला बोअरचंच पाणी जातं, तेही भर उन्हाळ्यात दहा दिवसांतून एकदा. झाड पिलुडीचं. "काकू, कसं लावलंत?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला जिन्यात उभं राहून सांगून माझे पाय दुखायला लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. माझी दोन-तीन वर्षं फुकट गेली, तीही सांगते. ती तुमची वाचतील.

पहिलं वर्ष तर नावातच गेलं. गुजरातीत पिलुडी म्हटलं की दोन झाडं निघतात. एक म्हणजे आपली कामोणी, काळ्या मण्यांची, पावसाळ्यात उकिरड्यावरसुद्धा उगवणारी. दुसरी ही, खाऱ्या जमिनीतली. २०१८ साली मी एका नर्सरीत जाऊन "पिलुडी द्या" म्हटलं, त्यांनी पाच रोपं दिली, मी ती चार महिने जपली आणि एक दिवस त्यांना पांढरी, मिरचीसारखी फुलं आली. कामोणी! शेवटी तिची भाजी केली. तेव्हा मागताना "खारी जाळ" म्हणा, म्हणजे फसगत होणार नाही. हिची एक बहीण आहे, मीठी जाळ. तिची पानं अरुंद, लांबट, फळ पिवळं आणि चवीला गोड. आपल्याला हवी ती खारी: पान रुंद, अंडाकृती, जाडसर आणि मांसल, समोरासमोर जोडीनं आलेलं, फळ मिऱ्याहून थोडं मोठं, आधी गुलाबी आणि पिकल्यावर जांभळट. शास्त्रीय नाव साल्वाडोरा पर्सिका. यातलं साल्वाडोरा हे १७४९ साली बार्सिलोनाच्या साल्वाडोर नावाच्या एका औषधविक्याच्या आठवणीत ठेवलेलं. मराठीत पिलू म्हणतात किंवा खाकण. बियांचं खाकण तेल साबणाच्या धंद्यात चालतं. पण मराठीत नुसतं पिलू म्हणायचीही पंचाईत. "मी पिलू आणलंय" म्हटल्यावर शेजारच्या वहिनी वाटीत दूध घेऊन आल्या होत्या. आमच्या वाड्यात तर पिलू म्हटलं की पिलू राग समजून कोणीतरी पेटी ओढून ठुमरीच सुरू करायचं.

झाड समजून घ्यायचं तर ते जिथलं आहे तिथे एकदा जाऊन या. वडोदऱ्याहून पादरा, जंबुसर, कावी करत कंबोईला दोन तासांत पोचता येतं. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ तिथे आहे, भरतीला पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते, ते बघायला सगळेच जातात. तुम्ही देवाचं झालं की जरा बाजूला, गावाकडच्या बांधाकडे वळा. खाली चिखलात, रोज दोनदा भरतीचं पाणी शिरतं तिथे तिवरं उभी असतात. त्यांच्या वरच्या पट्टीत मोरस, लालसर, बुटकी. आणि त्याही वर, भरती सहसा पोचत नाही अशा उंचवट्यावर पिलुडी. हा क्रम मी तिथे उभी राहून नीट पाहिला तेव्हा एक गोष्ट कळली. ही तिवरासारखी खाऱ्या चिखलात उभी राहणारी नव्हे. तिची मुळं खारट मातीत असतात, पण पाय भरतीत नसतात.

दुसरी गोष्ट तिचा पसारा. तिला सरळ खोड धरायची सवय नाही. दोन-तीन हात वर गेली की फांद्या खाली लोंबतात, जमिनीला टेकतात, वाऱ्यानं उडून आलेली माती त्यांच्याखाली साठते आणि टेकलेल्या फांदीला तिथेच मुळं फुटतात. अशी वर्षानुवर्षं माती अडवत बसलेली झुडपं लांबून हिरव्या ढिगाऱ्यासारखी दिसतात. आतल्या बाजूला वाकून पाहिलं तर वाकडंतिकडं, भेगाळलेलं खोड. बाजूला वेडी बाभूळ माजलेली असते, गुजराती लोक तिला गांडो बावळ म्हणतात. ती परदेशातून आलेली, काट्यांची. कुंपण म्हणून तीच लावा असं मला चौघांनी सुचवलं होतं. त्यांच्या पायात तिचा काटा एकदा मोडायला हवा.

एक पान तोडून चावून बघा. आधी जिभेवर खारट लागतं, मागून मोहरीसारखा झणका येतो. तो झणका उगाच नाही, पिलुडी आणि मोहरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच गणातल्या. आणि खारटपणा म्हणजे तिनं मुळांनी ओढलेलं मीठ. तिवराच्या पानावर मिठाचे कण बाहेर पडलेले दिसतात. पिलुडी तसं करत नाही, मीठ पानातच साठवते आणि म्हातारी पानं गाळून टाकते. म्हणून जुनी पानं जाड आणि खारट, कोवळी त्या मानानं पातळ.

आता बी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच सगळे चुकतात.

फुलं दिवाळीनंतर येतात, बारीक, हिरवट-पांढरी, फांदीच्या टोकांना आणि पानांच्या बगलेत तुऱ्यांनी. फळं होळीनंतर रंगायला लागतात आणि चैत्र-वैशाखात झाड भरून जातं. माझे सासरे संस्कृत शिकवायचे. त्यांनी सांगितलं होतं की पिलू पिकायच्या दिवसांना संस्कृतात खास शब्दच आहे, पीलुकुण, आणि त्याची व्युत्पत्ती पाणिनीनं सूत्रात घालून ठेवली आहे. आंब्याच्या नशिबी एवढा मान नाही, असं म्हणून ते हसायचे. तर हे पीलुकुणाचे दिवस साधायचे. पिकलेलं, बोटात धरलं की फुटेल असं फळ घ्या. गुलाबी, कडक फळातलं बी कच्चं असतं.

२०१९ साली मी अशी ओंजळभर फळं रुमालात बांधून आणली, गच्चीत आठवडाभर वाळवली आणि मनुकांसारखी सुकलेली ती अख्खी फळं कुंडीत पेरली. ४० पेरली, उगवली शून्य. बी जुनं असेल, ऊन लागलं असेल, असं म्हणत बसले. सोसायटीच्या बागेला येणारे माळीकाका मूळचे जंबुसरकडचे. त्यांनी कुंडी उकरली, एक सुकलेलं फळ दोन बोटांत चुरलं, आणि म्हणाले, "बेन, गर काढ्या वगर वाव्युं?" गर न काढता पेरलंत? पिलूच्या गरातच उगवण रोखणारी द्रव्यं असतात. पक्षी फळ खातो, गर त्याच्या पोटात जातो, बी साफ होऊन बाहेर पडतं आणि मग उगवतं. आपल्याला पक्ष्याचं काम हातानं करायचं आहे.

ते असं. फळं आणली त्याच दिवशी पाण्यात भिजत घाला, रात्रभर. साधं पाणी चालतं. सकाळी तागाच्या गोणीच्या तुकड्यावर घेऊन, दुसऱ्या तुकड्यानं हलक्या हातानं चोळा. तांदूळ धुतो तसं चार-पाच पाण्यांतून काढा. गर आणि सालं वर तरंगतात, ती ओतून द्या. बुडाशी राहिलेलं बी तुमचं. वर तरंगणारं बी पोकळ असतं, ते मोजणीत धरू नका. हाताला जांभळा रंग लागतो आणि नाकाला हलकासा झणका. शेवटच्या धुण्यात बी बोटांना गुळगुळीत न लागता किंचित खरखरीत लागलं की झालं. मग सावलीत, वर्तमानपत्रावर, दोन दिवस. उन्हात नको. आणि बरणीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, या बियांचा जीव लहान असतो. मी धुतल्यापासून आठवड्याच्या आत पेरते.

२०२० च्या चैत्रात घराबाहेरच पडता आलं नाही. २०२१ साली काकांनीच गावाहून फळं आणली. ६० बिया पेरल्या, ४१ उगवल्या. पहिला अंकुर नवव्या दिवशी दिसला. दोन जाडसर हिरव्या डाळी, मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन वर आलेल्या.

पिशव्या उंच घ्या, किमान फूटभर. हिचं सोटमूळ वरच्या दोन पानांच्या आधी खाली धावतं; बुटक्या पिशवीत ते बुडाशी गोल फिरतं आणि पुढे जमिनीत लावल्यावरही तसंच फिरत राहतं. पिशवीत भरायला आपली काळी माती एकटी नको, ती पाण्यानं फुगते आणि वाळली की तडकून मूळ तोडते. मी निम्मी नदीची वाळू, पाव काळी माती, पाव मुरलेलं शेणखत घेते. बी अर्ध्या बोटाच्या पेराएवढं खोल. पिशवीला खालून आणि बाजूनंही भोकं पाडा, मोजून आठ-दहा.

यानंतर जे सांगते ते नीट वाचा. झाड खाऱ्या जमिनीतलं आहे, म्हणून पहिल्याच दिवसापासून बोअरचं पाणी घालायचं, असं मलाही वाटलं होतं. खारं सोसते म्हणजे खारं मागते असं नाही. मीठ साठवायला पान लागतं, आणि अंकुराकडे पानच नसतं. कंबोईलासुद्धा बी उगवतं ते पावसात, वरचं मीठ धुऊन खाली गेल्यावर. म्हणून पहिले तीन महिने गोडं पाणी, आणि फक्त गोडं.

गोडं पाणी आणायचं कुठून? नळाचं पाणी झाडांना घातलं तर घरात भांडण. माझा उपाय एसी. वैशाखात आमच्या घरातला एक एसी रात्रभर चालला की सकाळी बाहेरच्या नळीखाली ठेवलेली बादली भरलेली असते, आणि त्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. माझ्या पेननं १८ दाखवलं होतं. पेरणी आणि एसी दोन्हींचा हंगाम एकच, हे बरंय. पण एक सावधगिरी: स्वयंपाकघरातल्या आरओच्या नळीतून जे पाणी वाया जातं, ते "फिल्टरचं पाणी" म्हणून घालू नका. गाळून घेतलेलं पाणी तुम्ही प्यायलात, मागे उरलेलं सगळं मीठ त्या नळीत गेलं. आरओत जे पाणी शिरलं त्यापेक्षाही ते खारट असतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका काकांनी याच पाण्यावर तुळस जगवायचा प्रयत्न केला, त्यांनी तीन तुळशी बदलल्या.

चौथ्या महिन्यापासून सवय लावायची. एक तांब्या बोअरचं, तीन तांबे गोडं. पाचव्या महिन्यात निम्मं-निम्मं. सहाव्यात तीन बोअरचे, एक गोडा. मग नुसतं बोअरचं. मधेच रोपाची टोकं करपली तर एक पायरी मागे या, दोन आठवडे थांबा. पावसाळा मधे आलाच तर उत्तम, तो फुकटात पिशवी धुऊन देतो.

आणि पाणी घालायची रीत. रोज थोडं थोडं घालणं ही सगळ्यात वाईट सवय, आणि प्रेमळ माणसांना तीच असते. कपभर पाणी वरच्या दोन बोटं मातीत राहतं, दुपारी उडून जातं, मीठ मागे ठेवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात मातीवर पांढरी पापडी धरते. त्यापेक्षा चार दिवस थांबा, मग पिशवीच्या खालच्या भोकांतून धार येईपर्यंत घाला, म्हणजे साठलेलं मीठही त्या धारेबरोबर निघून जातं. पापडी धरलीच तर चमच्यानं खरवडून टाका, मातीत कालवू नका. पानांवर पाणी मारू नका, खारट पाण्याचे डाग पडून पानं जळतात. माळीकाका म्हणायचे, "आने बहु लाड नै करवाना." मी फार लाड करते हे त्यांना ठाऊक होतं.

माझा अंदाज तुम्हाला हवा असेल तर: २४०० टीडीएस म्हणजे पिलुडीच्या दृष्टीनं काहीच नाही. समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात असतं. करनालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे, तिचं एक केंद्र आपल्या भरूचला आहे. त्यांनी खाऱ्या काळ्या जमिनीत पिलुडीच्या लागवडीवर बरंच काम केलंय. जिथे कापूससुद्धा हात टेकतो अशा जमिनीत ही तेलबी म्हणून घेता येईल का, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यापुढे आपलं बोअर म्हणजे सरबत.

जमिनीत लावायची ती पुढच्या वर्षी, पहिले दोन पाऊस नीट झाल्यावर, आषाढात. मी २०२२ च्या आषाढात लावली, तेव्हा रोपं ढोपराच्या जरा खाली होती. हळू वाढतात, धीर धरा. खड्डा दीड फूट रुंद, दीड फूट खोल. निघालेल्या काळ्या मातीत निम्मी वाळू आणि दोन घमेली शेणखत. कुंपण हवं असेल तर तीन-तीन फुटांवर, दोन ओळींत नागमोडी. मोकळ्या शेतात तेलबियांसाठी लावणारे चार मीटर बाय चार मीटर अंतर ठेवतात, कारण तिथे झुडपाला पसरू द्यायचं असतं.

ज्यांची जमीनच खारपड आहे, म्हणजे पादऱ्याच्या पलीकडे जंबुसर-आमोदकडे ज्यांचं शेत आहे, त्यांनी एक चूक टाळा. वरंबे पाडून वरंब्याच्या माथ्यावर रोप लावू नका. सरीतलं पाणी वर चढतं, माथ्यावर येऊन उडतं आणि सगळं मीठ तिथेच सोडतं. उन्हाळ्यात बघा, वरंब्याचा माथा पांढरा आणि सरी काळी. रोप वरंब्याच्या कुशीला, उतारावर लावा. आमच्यासारख्या अंगणात वरंबा नसतो, तिथे आळं करून त्यावर गव्हाचं काड चार बोटं जाड पसरलं की पाणीही टिकतं आणि मीठही वर चढत नाही.

पहिल्या वर्षी आठवड्याला एक पाणी, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला, उन्हाळ्यात जरा जवळ. त्यानंतर मी विसरले तरी चालतं. खत मी लावताना घातलं तेवढंच. युरिया घालून बघितला होता एकदा. फांद्या लांबलचक आणि लुळ्या झाल्या, मावा आला. पुन्हा घातला नाही.

पाण्यात उभं राहण्याबद्दल लोक उलटसुलट सांगतात, मला जे दिसलं ते सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या मागच्या भिंतीशी दोन दिवस कमरेएवढं पाणी होतं. आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली गाड्या बुडालेल्या, आणि खिडकीतून कुंपणाचे फक्त शेंडे दिसत होते. पाणी ओसरल्यावर पानांवर चिखलाचा थर होता. बोअर चालू झाल्यावर नळीनं धुतला, पानांवर पाणी मारायची ती एकच वेळ. महिन्याभरात काही पानं पिवळी होऊन गळली आणि नवी फुटली. एकही झाड गेलं नाही. पण त्याच वेळी गेटपाशी ठेवलेल्या सहा कुंड्यांतली पिलुडीची सहा रोपं सगळीच्या सगळी कुजली. कुंड्यांची भोकं गाळानं बुजली होती आणि मी आठवडाभर दुसऱ्याच निस्तराईत होते. जमिनीतल्या थोरल्या झाडाला पूर सोसतो, कुंडीतल्या पोराला तुंबलेली कुंडी सोसत नाही. कुंडीत वाढवणार असाल तर खाली थाळी ठेवू नका. ठेवलीच तर पावसाळ्यात काढून टाका.

छाटणीचं तंत्र सोपं आहे, वेळ चुकवू नका एवढंच. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. नाहीतर कुंपणाला खाली खिडक्या पडतात आणि कुत्री आत येतात. पुढे दरवर्षी एकदाच, फळं संपल्यावर, पहिला पाऊस पडायच्या सुमाराला सिकेटरनं बाहेर आलेलं कापायचं. नवरात्रात घर आवरताना झाडंही आवरायची अनेकांना हुक्की येते. तेव्हा कापलं तर दिवाळीनंतरची फुलं तुम्ही हातानं काढून टाकलीत. जमिनीकडे लोंबणाऱ्या फांद्या वर बांधू नका, त्या कोपऱ्यांत मुळं धरून कुंपण आपोआप दाट करतात. रिकामी जागा राहिली असेल तर तिथल्या शेजारची फांदी वाकवून, वीतभर मातीखाली दाबून वर वीट ठेवायची. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवं झाड. माझ्या तीन फटी अशाच भरल्या.

कापलेल्या फांद्यांतल्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या टाकू नका. हेच ते मिसवाक, आपलं दातवण. ईदच्या आधी मांडवीच्या बाजूला जुड्या विकायला असतात त्याही याच झाडाच्या. बाजारात जास्त करून मुळांची मिळतात, पण त्यासाठी झाड उकरायची गरज नाही, फांदीचं चालतं. बोटभर साल सोलायची, टोक चावून कुंचला करायचा. ताजीच वापरा, वाळली की नुसतं लाकूड. यांनी दोन दिवस केलं आणि तिसऱ्या दिवशी पेस्टवर आले. "तोंडात फोडणी बसल्यासारखं वाटतं," म्हणाले.

रोगराई फारशी नाही. पानं कुरतडलेली दिसली तर उलटं करून बघा, बारीक हिरव्या अळ्या असतात. त्यांची फिकट केशरी-गुलाबी फुलपाखरं होतात, सॅमन अरब नावाची, आणि त्यांची पिल्लं पिलुडीच्या कुळातल्या पानांवरच वाढतात. फवारा मारायला माळी उतावीळ असतो, त्याला आवरा. झाड त्या चार पानांनी मरत नाही, आणि आमच्या सोसायटीत हे फुलपाखरू आधी कधी दिसलं नव्हतं.

झुडपाखाली मात्र दुसरं काही लावायचा नाद सोडा. गळलेली पानं खारट, ती कुजली की मीठ तिथल्याच मातीत. मी पुदिना लावून पाहिला, आठ दिवसांत गेला. हाच पाला कंपोस्टच्या खड्ड्यातही घालू नका. मी तो वेगळा गोळा करून कुंपणाच्या बुडाशीच पसरते, ज्याचं त्याला.

एक अडचण मला कोणी आधी सांगितली नव्हती. पहिली फळं २०२५ च्या चैत्रात धरली, आणि एके सकाळी सातच्या सुमाराला आभाळातून कलकलाट करत एक थवाच्या थवा उतरला. गुलाबी अंग, काळं डोकं. आपण भोरड्या म्हणतो, इथले लोक वैयां. परतीच्या प्रवासाला निघण्याआधी त्या अशाच फळांवर तुटून पडतात. वीस मिनिटांत कुंपण चाटूनपुसून साफ, आणि भिंतीपलीकडे लावलेल्या पांढऱ्या गाडीवर जांभळी रांगोळी. गाडीचे मालक संध्याकाळी जिना चढून आले. मी त्यांना चहा दिला, कॉर्पोरेशनच्या पाण्याचा. आता ते चैत्रात गाडी पूर्वेकडे लावतात आणि मी थवा यायच्या आधी, पहाटे साडेपाचला, टोपली घेऊन खाली उतरते. गेल्या वेळी दीड किलो फळं हाती लागली. धुऊन, चोळून, निवडून बी निघालं. आठ घरांना वाटलं, त्यांच्या पिशव्या सध्या माझ्याच एसीखाली रांगेनं उभ्या आहेत.